तळ्यातलं निशाण

तळाशी काय काय राहतं, हा प्रश्न इंद्रभान पडघानला आयुष्यात पहिल्यांदा विचारला तो सरकारनं. त्र्याहत्तर सालचा एप्रिल चालू होता. वाशीमच्या पाटबंधारे ऑफिसातला पंखा आपण पंखा आहोत हे फिरून नव्हे तर आवाज करून सिद्ध करत होता, आणि इंद्रभान, हुद्द्यानं ओव्हरसियर, जन्मानं हिवरदरीचा, आपल्याच गावच्या तळ्यातला गाळ काढण्याच्या परवानगीचा कागद भरत बसला होता. कागद मूळचा इकडचा नव्हता. नवे डेप्युटी टिपणीस साहेब बदली होऊन आले ते थेट समुद्रावरून. उभी नोकरी त्यांनी खाड्या आणि किनाऱ्यालगतची खारी सरोवरं उपसण्यात घालवली होती, आणि येताना संसाराबरोबर एक सायक्लोस्टाइल पुस्तिका आणली होती, अशा सरोवरातून गाळ काढताना काय काळजी घ्यावी आणि कोणाकोणाची परवानगी घ्यावी याची. "साहेब, इथून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर आहे," असं इंद्रभाननं एकदा नम्रपणे सुचवून पाहिलं होतं. साहेब म्हणाले, "पडघान, काळजी अंतरावर अवलंबून नसते. गाळ तो गाळ." मग ऑफिसनं काळजी घ्यायला सुरुवात केली. भरती-ओहोटीच्या वेळा या रकान्यात बडे बाबूंनी ऑफिस उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा टाकल्या. पाण्यातल्या मिठाचं प्रमाण 'चवीपुरतं' असं लिहिलं. गलबतांच्या मार्गाला अडथळा येईल का, याला 'गलबतांकडून तक्रार नाही'. पुढचा प्रश्न मात्र बाबूंना सुचेना, म्हणून कागद ओव्हरसियरकडे सरकला: उपशाच्या जागी तळाशी कोणाचं वास्तव्य आहे, त्यांचं पुढे काय होईल?

इंद्रभाननं टाक उचलला आणि तो हवेतच राहिला. बुटात, मोज्याच्या आत, उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारी काहीतरी गार आणि बुळबुळीत सरकलं. त्यानं टेबलाखाली वाकून पाहिलं. बूट होता, पॉलिश होतं. पण पायाला जे कळलं होतं ते बुटाला कळलेलं नव्हतं. ती मरळ होती. बावीसएक वर्षांपूर्वीची, हिवरदरीच्या तळ्यातली, वायव्येच्या कोपऱ्यातली मरळ, गाळात पोट रुतवून बसलेली, टाचेनं चाचपून शोधायची आणि गुडघ्यानं दाबून धरायची. त्या काळी गावानं तळ्याची वाटणी करून घेतली होती. तीन बाजूंचं नितळ पाणी गावानं स्वतःकडे ठेवलं, आणि जिथं सगळा गाळ येऊन साचायचा तो वायव्येचा कोपरा इंद्रभानच्या वस्तीला दिला. वस्तीची सावली पडल्यानं पाण्याचं काय होतं हे गावाला पक्कं ठाऊक होतं, फक्त मासे गाळात राहतात हे ठाऊक नव्हतं. त्यामुळे गाव नितळ पाणी पिऊन पवित्र राहिलं आणि वस्तीनं मासे खाल्ले. अन्याय तो अन्यायच, पण त्याला कालवणाचा वास फार चांगला यायचा, आणि इंद्रभानला लहानपणाबद्दल कडू काही आठवायचं म्हटलं तरी आधी हा वासच आठवायचा, त्यामुळे कडूपणाची नेहमी अडचण व्हायची. आई, भागिरथा, त्याच कोपऱ्यातून चुलीसाठी चिकणमाती काढायची. कंबरभर चिखलात उभी राहून हात खाली घालायची आणि पोराला सांगायची, "हाताले खरखर लागली का थांबाचं बापू. थे तळ्याचं पोट हाय. पोट फाटलं तं पानी राह्यत नाई." बाकी तळ्यात चिकणमाती पुरुषभर खोल होती. या कोपऱ्यात तिचा थर हातभरसुद्धा नव्हता, खाली लगेच मुरूम, आणि मुरूम म्हणजे चाळणी. पुढे अमरावतीला डिप्लोमा करताना प्राध्यापकांनी झिरपा हा विषय सव्वा महिना शिकवला, तेव्हा इंद्रभान मागच्या बाकावर बसून आपल्या बोटांची टोकं अंगठ्यानं घासत राहिला होता.

त्याच कोपऱ्यात छप्पन्न साली त्याच्या बापानं, उकंडरावनं, घरातले देव सोडले. नागपूरहून दीक्षा घेऊन, तीन रात्री न झोपता बाप गावात आला, आल्या आल्या देवळीतले देवांचे पितळी टाक धडप्यात बांधले आणि पाण्यात शिरला. वस्ती काठावर उभी होती. कोणी रडलं नाही, कोणी हसलंही नाही. देव बुडताना चार बुडबुडे आले. एका म्हातारीनं विचारलं, "आता पानी नाई पडलं तं?" बाप बाहेर येत धोतर पिळत म्हणाला, "तं पुढच्या साली पडन." आणि त्या साली पाऊस नेहमीइतकाच पडला, ना कमी ना जास्त, देवांनी मनावर घेतल्याचं कुठंच दिसलं नाही. इंद्रभाननं त्या दिवसापासून कुठल्याही दगडापुढे हात जोडला नव्हता. ऑफिसातल्या सत्यनारायणाच्या दिवशी तो साइटवर जायचा. त्यामुळे त्याच्या साइट भेटींची संख्या सबंध डिव्हिजनमध्ये सर्वांत जास्त भरायची, आणि एकदा त्याबद्दल त्याला शाबासकीचं पत्रही आलं होतं.

तो कागद घेऊन तसाच साहेबांच्या खोलीत गेला. "साहेब, वायव्येचा कोपरा सोडायला हवा." आणि मग त्यानं एका दमात सांगून टाकलं, की मंजूर नकाशात तळं सगळीकडे सारखं पाच फूट खोदायचं आहे, तिथं मात्र फूटभरावरच चिकणमाती संपते, ती फाटली तर पुढच्या पावसाचं पाणी खालून निघून जाईल आणि खोल, सुंदर, कोरडा खड्डा उरेल, शिवाय यंदा सगळं तळं आटलं तरी त्या कोपऱ्यात अजून डबकं आहे, मरळी, कासवं, गोगलगायी, शिंपले सगळे तिथं जीव धरून आहेत, तेवढे राहिले तर तळं पुन्हा भरेल तेव्हा ते तळं असेल, नाहीतर टाकी. टिपणीस साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी टेबलाला वळसा घातला आणि इंद्रभानचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे पाणावले होते. "पडघान, इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारतोय. 'लागू नाही'शिवाय दुसरं उत्तर आजपर्यंत आलं नाही हो." मग ते परत खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पण कोपरा सोडता येणार नाही."

"का साहेब?"

"मंजूर नकाशात आहे. वगळायचा तर सुधारित मंजुरी हवी. त्याला मातीचे नमुने, नमुन्याला तपासणी, तपासणीला तरतूद. एका खाडीत मला दोन पावसाळे लागले होते."

"आणि तोवर?"

"तोवर काम थांबवता येत नाही. दुष्काळी काम आहे. माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे."

हे खरं होतं. इंद्रभानला त्यात एकही चूक सापडेना, आणि हीच सर्वांत वाईट गोष्ट होती. साहेब वाईट असते तर रात्री नीट झोप लागली असती. मानोऱ्याकडे, हिवरदरीच्या वाटेनं जाणाऱ्या जीपमध्ये बसून तो दुतर्फाचं रखरखीत रान बघत राहिला आणि त्याला वाटलं, आपण एका चांगल्या माणसाच्या सहीनं आपल्याच तळ्याचं पोट फाडायला निघालो आहोत. बावीस वर्षांत वस्तीचा कोपरा आणि गावाचा कोपरा हा भेद कायद्यानं मिटला होता, आणि आता खोदाईनं पण मिटणार होता, सारखा, पाच फूट.

पण तळ्यावर पोचलं की दुःखी राहायची सोय नव्हती. दुष्काळ होता, आणि तळ्यात जत्रा होती. आजूबाजूच्या तांड्यांवरच्या बाया आरशांच्या काचोळ्या लखलखवत पाट्या उचलत होत्या, एकमेकींना त्यांच्या बोलीत असं काही बोलत होत्या की रांगेच्या या टोकाला उठलेलं हसू त्या टोकाला जाऊन फुटत होतं. काळा, लोण्यासारखा गाळ बैलगाड्यांत पडत होता आणि शेतकरी तो शेतात नेताना लग्नाची वरात नेल्यासारखे गाडीशेजारून चालत होते. सगळ्यांच्या अंगावर एकच रंग चढला होता, त्यामुळे कोण कोणत्या वस्तीचं हे ओळखू येत नव्हतं, आणि ओळखायला कोणाला वेळही नव्हता. मुकादम उदयसिंग चुन्याची फक्की मारत फिरत होता. इंद्रभाननं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तो कोपरा राहू द्या. उदयसिंगनं कानावर हात ठेवला. "तोंडी नका सांगू साहेब. तोंडी आइकाले मले कान नाईत. मागच्या कामावर तोंडी आइकलं न तीन महिने घरी बसलो. कागद द्या, मी तं अख्खं तळं सोडतो." कागद तर नव्हता. खोदाईची रेघ कोपऱ्यापासून चार-सहा दिवसांवर येऊन ठेपली होती.

मग इंद्रभाननं निदान खूण तरी करावी म्हणून जीपमधून मोजणीचा एक बांबू घेतला आणि त्याला मोजणीचंच लाल फडकं बांधलं. चिखलात बूट नकोत म्हणून काठावर बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि तो अनवाणी कोपऱ्यात उतरला. थर अजून शाबूत आहे का बघावं म्हणून खाली वाकून त्यानं दोन्ही हात जमिनीला लावले. मनगट बुडालं, आणखी थोडं, आणि बोटांना ती खरखर लागली. त्यानं हातातली माती नाकाशी नेली. तोच वास. घाम डोळ्यात उतरत होता म्हणून त्यानं कपाळावरून हात फिरवला. आणि नेमकी तेव्हा डबक्याच्या कडेला, त्याच्या घोट्याला घासून, एक जिवंत, जाडजूड, स्वतःच्या मालकीच्या पाण्यात असलेली मरळ गेली. इंद्रभान डोळे मिटून उभा राहिला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. त्या वेळात त्याला नोकरी नव्हती, हुद्दा नव्हता, आडनावही बहुतेक नसावं. मग त्यानं बांबू रोवला आणि वळून पाहिलं, तर काठावर सगळी रांग डोक्यावरच्या पाट्यांसकट थांबली होती. त्याला वाटलं, आपल्या दुमडलेल्या पँटीमुळे. तो लाजला आणि घाईघाईनं बूट घालून जीपमध्ये जाऊन बसला.

पुढच्या फेरीला तो आला तेव्हा कोपरा होता. नुसता होता असं नाही, तर खोदाईची रेघ कोपऱ्यापासून दहा हात आधी अशी गोल वळसा घेऊन गेली होती की खात्याच्या चुन्यानं अशी सुबक रेघ आजवर कधी आखली नसेल. बांबूच्या पायाशी पाच दगड होते, दगडांना शेंदूर होता, हिरव्या बांगड्या होत्या, नारळाच्या करवंट्या होत्या. गावचा पोलीस पाटील लाल बावटा कोणत्या युनियनचा याची चौकशी करायला येऊन एक नारळ फोडून गेला होता. उदयसिंग अनवाणी उभा होता.

"हे काय?" इंद्रभाननं विचारलं.

"देवी."

"कोणती देवी?"

"थे तुमालेच मालूम साहेब," उदयसिंग आदरानं म्हणाला. "पूजा तं तुमीच केली. बूट काढून गेले, भुईले हात लावले, माती कपाळाले लावली, डोळे मिटून उभे राह्यले. बाया मनतात, अंगात आलतं साहेबाच्या. निशान रोवलं तवा कुठं उतरलं."

इंद्रभानच्या पोटातून काहीतरी वर आलं. भीतीच असावी असं समजून त्यानं ते दाबलं, पण जीपमध्ये बसल्यावर त्याला शंका आली की ते हसू होतं. वाशीम येईपर्यंत तो आलटून पालटून घाबरत आणि हसत होता, आणि ड्रायव्हरनं आरशातून दोनदा त्याच्याकडे पाहून आपलं मत बनवून घेतलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मुलगा आपण, डिप्लोमावाले, आणि सरकारी बांबूनं सरकारी तळ्यात देवी बसवून आलो. सांगून टाकावं, तर उद्या सकाळी पहार बसेल. गप्प राहावं, तर गप्प राहिल्याचंच पाणी तळ्यात भरेल. घरी त्यानं आईला सांगितलं. भागिरथा तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिनं सूप खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला, आणि मग पदरानं भागेना. ती भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "तुह्या बापानं तिथंच देव सोडले रे बापू, न तिथंच तुह्या हातानं देवी उगवली! बियानं चांगलं होतं मनाचं."

"हसू नको माय. खोटं आहे हे."

"तू मनला का, देवी हाय?"

"नाही. पण नाही असंही म्हटलं नाही."

आईनं डोळे पुसले. सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तुह्या बापानं आपल्या घरचे देव सोडले," ती खड्याकडे बघत म्हणाली, "लोकाईच्या घरात जाऊन नाई सोडवले. पन जवा कोनी पुसलं, तवा खरं सांगतलं. तुले कोनी पुसलं काय?"

कोणी पुसलं नव्हतं. पुसणारे आठवड्यानं आले. टिपणीस साहेब टोपी घालून, छत्री घेऊन तळ्यावर उतरले, गाळाचा वास छातीभर ओढून घेतला आणि "अगदी ओहोटीचा वास आहे," असं समाधानानं म्हणाले. मग त्यांची नजर त्या वळणदार रेघेवरून फिरत कोपऱ्यावर थांबली. "पडघान, हे काय आहे? हा कोपरा का राहिला?" रांग थांबली. पाट्या थांबल्या. बैलांनीसुद्धा शेपट्या हलवायचं बंद केलं असं इंद्रभानला वाटलं. पण शब्द आश्चर्यकारक सहजपणे बाहेर आले. "साहेब, ते निशाण मी लावलं. मोजणीचा बांबू आहे. इथं देवी नाही. चिकणमातीचा थर पातळ आहे, एवढंच आहे."

बोलून झाल्यावर त्याला विलक्षण हलकं वाटलं. आणि लगेच, तळं गेलं, हेही वाटलं. उदयसिंग आभाळाकडे बघू लागला. तेवढ्यात तांड्यावरची गोमतीबाई पुढे आली. रांगेतली सर्वांत वयस्क बाई, हातभर हस्तिदंती रंगाच्या बांगड्या, बलोये, आणि आवाज असा की दुसऱ्या काठावरच्या बैलानं वळून पाहावं. तिनं पाटी खाली ठेवली. "आमचे साहेब लाजाळू हायेत," ती टिपणिसांना म्हणाली. "ज्याच्या हातून येते, त्याले मालूम नसते."

"बाई, खरंच नाही—"

"पाहा, कसे मनून राह्यले," गोमतीबाई कौतुकानं म्हणाली, आणि रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत हसली.

टिपणीस साहेबांनी इंद्रभानला छत्रीखाली ओढलं. "पडघान, जरा गप्प राहा. तुमचं खरं मला मान्य आहे, पण तुमच्या खऱ्याला दोन पावसाळे लागतात. उपासनेची जागा आढळल्यास ती वगळून काम करावं असा नियम आहे, आणि त्याला वरची मंजुरी लागत नाही. माझी एकट्याची सही चालते. तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

"ते मी लिहून देणार नाही, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाची नजर होती, लांबचं बघणारी. "बरं," ते म्हणाले. "तुम्ही नका देऊ. भाविकांचा जबाब चालतो." आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी गोमतीबाईला बोलावलं.

"ही देवी इथं कधीपासून आहे?"

"निशान लागलं तवापासून."

'पूर्वापार', साहेबांनी लिहिलं.

"नवसाला पावते का?"

"पावते तं. हे कोपरं राखलं ना तिनं."

"तिला काय लागतं?"

"पानी."

"नैवेद्य वगैरे? दुसरं काही?"

"दुसरं काय मांगन थे बिचारी?" गोमतीबाई म्हणाली. "तिच्यापाशी पानी राह्यलं पाह्यजे. बस."

इंद्रभाननं चमकून तिच्याकडे पाहिलं. ऊन, वय आणि गाळ यांनी त्या चेहऱ्यावर मिळून जे काही लिहिलं होतं ते त्याला वाचता येईना. तिनं अंगठा उठवला. साहेबांनी सही केली, शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली, आणि ज्या कोपऱ्याला दोन पावसाळे लागणार होते तो बसल्या जागी सुटला. त्यात इंद्रभानचा एकही शब्द नव्हता आणि एकही शब्द खोटा नव्हता, 'पूर्वापार' सोडून, आणि तो साहेबांचा होता.

जीप गेली. जेवायची सुट्टी झाली. बाया बाभळीच्या विरळ सावलीत बसल्या, आणि गोमतीबाईनं दगडावर नारळ आपटून फोडला. तुकडे वाटत वाटत ती इंद्रभानपाशी आली आणि हात पुढे केला.

"मी प्रसाद घेत नाही, बाई," इंद्रभान म्हणाला. आज पुन्हा एकदा नकार. आता कोणी हसलं नाही.

गोमतीबाईनं तळहातावरचा तुकडा उलटसुलट करून पाहिला, जणू त्यावर कुठं काही लिहिलंय का ते बघत होती. "कोन मनलं प्रसाद हाय? देवीचा तिकडे ठेवला. हा मानोऱ्याच्या बाजारातून आनला, भूक लागली मनून फोडला. खोबरं हाय. घ्या."

तो हात खाली येईना. इंद्रभाननं तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. खोबरं होतं. गोड, दुधाळ, आणि तिच्या बोटांच्या गाळाची किंचित चव लागलेलं. मागे डबक्यावर एक बगळा एका पायावर उभा राहून परवानगी असल्यासारखा मासे टिपत होता. खोबरं चावता चावता इंद्रभानच्या तोंडून, ऑफिसात कधी न निघालेल्या बोलीत, निघून गेलं, "संगं गूळ नाई काय व बाई?"

"गूळ?" गोमतीबाई म्हणाली. "थे पुढच्या साली. दिवाई झाली का आमी ऊस तोडाले जातो कुठच्या कुठं, लोकाईच्या मुलखात. हे पानी राह्यलं तं इथंच लावतो दोन वाफे. तवा या, काकवी बी देतो."

इंद्रभाननं खोबऱ्याचा दुसरा तुकडा मागून घेतला.